बेसलाइनची खुर्ची

माझं काम रेषेकडे बघणं.
खेळाकडे नाही.
पहिल्याच दिवशी हे सांगतात,
मग टोपी देतात, निळा टी-शर्ट,
जेवणाचं एक कुपन.

आठ वर्षं या खुर्चीत बसते आहे
आणि एकही रॅली मी अख्खी पाहिलेली नाही.
चेंडू जाळीपलीकडे गेला की तो माझा नाही.
तिकडे कोण धावतं, कोण घसरतं,
कुणाच्या बुटाचा रबर कसा किंचाळतो,
ते कानावर येतं तेवढंच.
सर्व्हिसला गुडघ्यांवर हात, मान पुढे,
नजर चार बोटं रुंद पांढऱ्या रंगावर.
आत पडला तर तोंड बंद, तळवे जमिनीकडे.
बाहेर पडला तर ओरडायचं.
(त्याची सवय घरीच. तीन दीर आहेत.)

पतपेढीत बिनपगारी रजा टाकते, दर जानेवारीत.
साहेब विचारतात, टेनिसमध्ये मिळतं काय हो, मढवीबाई?
ऊन, म्हणते मी.

काल कोर्ट नंबर चार. पात्रता फेरी, मुलींची.
पलीकडून सावनी कित्तुरे, इचलकरंजीची,
बाप सायझिंगमध्ये, रॅकेट विणतो स्वतःच, म्हणे.
अलीकडे ताश्कंदची एक लांब हातांची पोर,
जी प्रत्येक पॉइंटनंतर तार सरळ करायची
जणू केस विंचरतेय कुणाचे.
तिसरा सेट. चार-पाच. तीस-चाळीस.

सावनीचा फोरहँड आला माझ्या रेषेवर,
किंवा रेषेच्या बाहेर,
किंवा.
माझ्या ओठांनी आधी ठरवलं.
डोळे मागून पोचले.

आउट.

वरच्या खुर्चीतून कुणी खोडलं नाही.
मॅच संपली.
ती पंचांकडे नाही, माझ्याकडे बघत होती.
मग जमिनीकडे.
तिथे काही नव्हतं.
लाल मातीवर ठसा राहतो,
पंच उतरून बोट फिरवतात त्याच्याभोवती.
हे कोर्ट काही धरून ठेवत नाही.

खरं तर याच्याखाली खडी, खडीखाली मुरूम,
मुरूमाखाली भराव,
भरावाखाली आमचं मिठागर.
तिथल्या चिखलात बगळा उतरला
तरी आठ दिवस पाऊल दिसायचं.
आजा वाफा पायांनी चोपायचा, सकाळभर,
तळवे भेगाळून त्यांत मीठ भरायचं.
मोजणीवाले साखळी घेऊन आले
तेव्हा त्यानेही हात आडवा केला होता,
माझ्यासारखाच.
ओरडलाही होता.
त्याचा हात कुणी धरला नाही हिशेबात.
पुढे साडेबारा टक्क्यांच्या कागदावर अंगठा देताना
मला मांडीवर घेऊन म्हणाला,
"खुंटी हालत नाय गो पोरी,
मानूस हालतं."

हे सगळं त्या अर्ध्या सेकंदात आठवलं, असं नाही.
त्या अर्ध्या सेकंदात काहीच आठवलं नाही.
हे रात्री, करावेच्या घरी,
भाताला आधण ठेवताना.

पण त्याआधी नळापाशी ती भेटली.
रॅकेट तीन. एकही आपटलेली नाही.
टोपी धूत होती, आणि धुवायच्या आधी
तिच्या काठावर मी पाहिली
वाळलेल्या घामाची रेघ,
पांढरी, वाकडी, कुठे जाड कुठे तुटकी.
तिच्याबद्दल मला शंका नव्हती.

"ताई, कोल्हापूरची गाडी इथून कुठे मिळेल?"
कळंबोलीला जा, म्हटलं, पुलाखाली उभी राहा,
नऊनंतर दर अर्ध्या तासाने असते,
खिडकी माग, रात्री गार वाटतं घाटात.
तिने विचारलं नाही.
मीही सांगितलं नाही.
कुपन तेवढं दिलं, माझं उरलेलं,
तिने दोन्ही बाजूंनी वाचून खिशात ठेवलं.

आज कोर्ट दोन. मुलगे.
सर्व्हिस ताशी दोनशेच्या आसपास.
गुडघ्यांवर हात, मान पुढे.
रेषा कालच्याच जागी आहे.